विमान, एस.टी. आणि वेळेची काटकसर

(सोसायटीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



आपल्या चिटणीसांनी मला भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा विषय विचारला. मी म्हणालो, "विमानात माणसे बसवण्याचे शास्त्र." फोनवर क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "साहेब, विषय चांगला आहे, पण आपल्याकडे विमान कुठे आहे?" त्यांचे म्हणणे खरे आहे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला धावपट्टी आहे, पण तेथून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. सांगलीकराला कोल्हापूर गाठावे लागते, सातारकराला पुणे. तरीही मी विषय बदलला नाही. कारण हा विषय विमानाचा कमी आणि रांगेचा जास्त आहे. आणि रांगेत उभे राहण्याचा अनुभव आपल्याला कुणी शिकवायला नको.

माझी उभी नोकरी मुंबईच्या विमानतळावर, विमानाच्या पोटाखाली गेली. प्रवासी शिडीने वर चढत असतो तेव्हा खाली सामान चढवणारे, इंधन भरणारे, पाणी भरणारे, चाकांना अटकाव लावणारे जे लोक दिसतात, त्यांतला मी एक. येऊन थांबलेले विमान पुन्हा उडण्याजोगे करून देणे हे आमचे काम. विमान आकाशात असते तेव्हाच कमावते. जमिनीवर उभे असते तेव्हा नुसते खाते. म्हणून आमच्या कामात मिनिटांचा हिशेब असे.

या हिशेबाला पुस्तकांत 'लीन मॅनेजमेंट' असे नाव आहे. मराठीत लीन म्हणजे नम्र. इंग्रजीत त्याचा अर्थ अंगावर फाजील चरबी नसलेला, काटक. मला विचाराल तर या विद्येला दोन्ही अर्थ लागू पडतात. ते कसे, हे शेवटी सांगेन.

ही विद्या जपानची. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा मोटार कारखान्यात ताइइची ओनो नावाच्या अभियंत्याने ती घडवली. 'लीन' हे नाव १९८८ साली एका अमेरिकन अभ्यासकाने दिले आणि १९९० साली निघालेल्या एका पुस्तकाने ते जगभर केले. आपल्या भागाशीही तिचे दुरून नाते आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे. त्याच किर्लोस्कर घराण्याने १९९७ साली टोयोटाशी भागीदारी करून बंगळूरजवळ बिडदी येथे मोटारींचा कारखाना काढला.

ओनोसाहेबांनी उधळपट्टीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची नाहक ने-आण, नको तितकी प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, माणसाची नाहक हालचाल आणि सदोष काम. या यादीत 'आळशी कामगार' कुठेही नाही, हे ध्यानात घ्या. कामगार हातावर हात ठेवून उभा असेल तर ओनो त्याला रागवत नसत. त्याला उभे राहायला लावणारी व्यवस्था कोणती, हे ते शोधत.

आता आपण सातारच्या बसस्थानकावर जाऊ. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून आपले अर्धे आयुष्य या गाडीने व्यापले आहे. गाडी फलाटाला लागते. उतरणारे अजून आत आहेत तोच चढणारे दाराशी चिकटतात. कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, कुणी पोरालाच खिडकीतून आत सोडतो. आत एक आजोबा पिशवी वर ठेवत वाट अडवून उभे. गाडी भरली तरी वाहकाची तिकिटे व्हायची आहेत. दहा मिनिटे जातात. घाई प्रत्येकाला आहे. उशीर त्या घाईतूनच होतो.

त्याच स्थानकावर सातारा–स्वारगेट विनाथांबा गाडीची व्यवस्था पाहा. तिकीट गाडी सुटण्याआधी स्थानकावरच मिळते. वाटेत थांबे नाहीत, म्हणून गाडीबरोबर वाहकही जात नाही. गाडी भरली की निघाली. तिकीट फाडण्याचे काम कमी झाले नाही. ते गाडी उभी असतानाच्या वेळातून उचलून आधीच्या वेळात ठेवले, इतकेच.

टोयोटात हेच तत्त्व शिगेओ शिंगो या अभियंत्याने मांडले. पत्र्याला आकार देणाऱ्या एक हजार टनी दाबयंत्राचा साचा बदलायला चार तास लागत. शिंगोंनी कामांची दोन खाती पाडली. यंत्र बंद असतानाच करता येतात ती एका खात्यात, यंत्र चालू असतानाही करता येतात ती दुसऱ्या खात्यात. पाने, बोल्ट, नवा साचा हे सारे आधीच हाताशी आणून ठेवले. चार तासांचे दीड तास झाले, आणि पुढे १९६९ च्या सुमारास तेच काम तीन मिनिटांवर आले. माणसे तीच होती आणि कुणी धावतही नव्हते.

विमानाचा थांबा म्हणजे हेच साचा बदलणे होय. विमान थांबले की चाकांना अटकाव, दारे उघडणे, प्रवासी उतरवणे, साफसफाई, खाणेपिणे चढवणे, इंधन, सामान, पाणी, अभियंत्याची तपासणी, वजनाचा तक्ता, नवे प्रवासी, दारे बंद. यांतली बरीच कामे शेजारी शेजारी चालू शकतात. पोटाखाली सामान चढत असताना वर झाडलोट होऊ शकते. पण तीन कामे एकामागून एकच होतात: जुने प्रवासी उतरणे, आत सफाई, नवे प्रवासी चढणे. ही साखळी जितकी लांब, तितका थांबा लांब. बाकी सारे कितीही चपळ असले तरी उपयोग नाही. म्हणूनच विमान उतरण्याआधी हवाईसुंदरी कचऱ्याची पिशवी घेऊन फिरते. जमिनीवरची सफाई ती आकाशातच उरकत असते.

याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीचे. १९७१ साली सुरू झालेल्या या कंपनीवर १९७२ साली चारपैकी एक विमान विकण्याची पाळी आली. चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांत बसवायचे, तर थांबा दहा मिनिटांवर आणणे भाग होते. त्यांनी ते करून दाखवले. गणित आपल्याही शाळेतले आहे. दिवसात सहा फेऱ्या करणाऱ्या विमानाला मध्ये पाच थांबे असतात. प्रत्येक थांबा पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासाचा केला तर सव्वा तास वाचतो. तेवढ्यात मुंबईहून कोल्हापूरला येणे होते. नवे विमान न घेता एक फेरी मिळाली.

आता माणसे बसवण्याचे शास्त्र. आपल्या एअरबस ए-३२० विमानात साधारण १८० आसने असतात: तीस ओळी, मधल्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. चढताना खोळंबा दोन कारणांनी होतो. वर पिशवी ठेवणारा माणूस वाट अडवतो, हे पहिले. कडेला बसलेल्याला खिडकीवाल्यासाठी उठावे लागते, हे दुसरे. आपल्याला वाटते की मागच्या ओळी आधी बसवल्या की काम लवकर होईल. हे अगदी पटण्यासारखे आहे, आणि चुकीचे आहे. मागच्या पाच ओळींचे तीस जण एकदम आत गेले की ते एकाच तुकड्यात दाटी करतात. पिशव्या वर ठेवायला एका वेळी एकदोघांनाच जागा मिळते, बाकीचे वाटेत उभे राहतात आणि पुढची सारी वाट रिकामी पडते.

जेसन स्टेफन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने २००८ साली यावर गणित मांडले. पुढे विमानाच्या नकली सांगाड्यात १२ ओळी आणि ७२ प्रवासी घेऊन त्याची परीक्षाही झाली. मागच्या गटापासून पुढे भरत आल्यावर सुमारे ७ मिनिटे लागली. कसलाही क्रम न लावता सोडल्यावर पावणेपाच. स्टेफनच्या पद्धतीने साडेतीनच्या थोडे वर. त्याची पद्धत अशी: आधी खिडकीवाले, मग मधले, मग कडेचे, आणि लागोपाठ आत जाणाऱ्या दोघांत एक ओळ सोडलेली, म्हणजे दोघांनाही एकाच वेळी हात वर करायला जागा मिळते. अमेरिकेतल्या युनायटेड कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून खिडकी, मधले, कडेचे असा क्रम सुरू केला, मात्र एका तिकिटावरचे कुटुंब तोडले नाही. आपल्याकडे इंडिगोने २०२२ साली उतरण्यासाठी पुढे दोन आणि मागे एक अशा तीन वाटा देण्यास सुरुवात केली. तेरा-चौदा मिनिटांचे काम सात-आठ मिनिटांत होईल, असे कंपनीने तेव्हा सांगितले होते.

कोल्हापूरहून एटीआर जातीच्या छोट्या विमानात बसलात तर एक गंमत दिसेल. त्याचे प्रवासी दार मागे असते आणि सामानाचा कप्पा पुढे. तेथे मुंबईच्या मोठ्या विमानाचा नियम जसाच्या तसा लावणारा फसेल. आधी आपले दार कोठे आहे ते पाहावे, मग नियम करावा.

आता मला ज्याने खरे शिक्षण दिले तो प्रसंग सांगतो. १९९५ पर्यंत हाजी मुंबईहून जहाजानेही जात. त्यानंतर सारा प्रवास विमानाचा झाला. हाजींच्या विमानात कोरेगाव, वाई, मिरज, तासगावकडची म्हातारी माणसे असत, कित्येक जण आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाऊल ठेवणारी. एका वर्षी आमच्या वरिष्ठांनी मोठ्या हौसेने खिडकी-मधले-कडेचे असा क्रम लावला. कागदावर पाच मिनिटे वाचत होती. पहिल्याच गटात एक आजी आत गेल्या, मुलगा मागच्या गटात राहिला. आजी वाटेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा लेक आल्याशिवाय मी बसणार नाही." त्यांच्यामागे सारे विमान उभे. वाचलेली पाच मिनिटे गेलीच, वर आणखी दहा गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही घराण्याघराण्याने माणसे आत सोडली. गुडघेदुखीवाले आधी, बरोबरच्यांसह. कसलीही खळखळ झाली नाही.

लीन विद्येचा पहिला धडा हाच आहे, आणि तो मी गणितानंतर शिकलो. कशाला किंमत आहे हे कंपनीने ठरवायचे नसते, ज्याची सेवा करायची त्याने ठरवायचे असते. त्या आजींच्या लेखी लेकाची सोबत ही उधळपट्टी नव्हती. त्यासाठी त्यांनी वाटेल तितकी मिनिटे दिली असती. साउथवेस्टचेच पाहा. या कंपनीने अनेक दशके 'येईल त्याने हवे तेथे बसावे' ही जलद पद्धत चालवली. प्रवाशांना आपले आसन आधी ठरलेले आवडते हे पाहून २०२४ साली तिने ती सोडण्याचे जाहीर केले. आणि झमझमच्या पाण्याची व्यवस्था पाहा. हे पाणी हाजींच्या सामानात न घालता आधीच इकडे आणून ठेवतात आणि परतलेल्या हाजीच्या हाती विमानतळावरच देतात. म्हाताऱ्या हातांचे ओझे गेले, वाटेतला खोळंबाही गेला. ही खरी काटकसर होय.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. नाहीतर मी तुमची फसवणूक केली असे होईल.

माझे अब्बा मिरज जंक्शनवर हमाल होते. १९७१ साली पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला. बंगळूरकडचा मार्ग मीटरगेज राहिला आणि पंढरपूरकडचा नॅरोगेज. एका स्थानकात तीन मापांचे रूळ. एका गाडीतले पोते दुसऱ्या गाडीत जायचे तर ते माणसाच्या पाठीवरून जाई. ओनोसाहेबांच्या यादीत याला 'नाहक ने-आण' म्हणतात. आमच्या घरात त्याला भाकरी म्हणत. त्या पोत्यांवर माझी फी भरली गेली, मी डिप्लोमा झालो. पुढे दोन्ही मार्ग एकामागून एक ब्रॉडगेज झाले. देशाचे भले झाले, यात शंका नाही. पण अब्बांच्या पाठीवरचे ओझे गेले त्याच दिवशी त्यांच्या हातचे कामही गेले. म्हणून कोणी साहेब "उधळपट्टी काढून टाका" म्हणाला की मी आधी विचारतो, "त्या उधळपट्टीवर कुणाचे घर चालले आहे, आणि उद्या त्याने काय करायचे?"

टोयोटानेही या प्रश्नाचे उत्तर फुकट मिळवले नाही. १९५० साली कंपनी बुडायला आली, कामगार कपात झाली, मोठा संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्यानंतर राहिलेल्या कामगारांना नोकरीची हमी मिळाली. ओनोंची पद्धत त्या हमीवर उभी आहे. आपल्या सूचनेने आपलीच नोकरी जाणार असेल तर कोण सूचना करील? टोयोटाने आपल्या तत्त्वांत माणसाचा आदर हा एक खांब मानला, तो शोभेसाठी नव्हे. तो काढला तर छप्पर खाली येते.

ते कसे येते हे आपण अलीकडेच पाहिले. वैमानिकांना पुरेशी झोप मिळावी म्हणून २०२५ साली नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्री विमान उतरवण्यावर मर्यादा आली. नियम आधी जाहीर झालेले होते. तरीही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नाची, परीक्षेची, इस्पितळाची माणसे विमानतळावर फरशीवर झोपली. नियोजनात आपण कमी पडलो हे कंपनीने मान्य केले. विमानांचा प्रत्येक मिनिट वापरणाऱ्या व्यवस्थेत माणसांच्या विश्रांतीला पुरेशी जागा उरली नव्हती. चरबी काढता काढता सुरी हाडाला लागली, ती अशी. थकलेल्या माणसाची विश्रांती, अभियंत्याची विमानाभोवतीची फेरी आणि इंधन भरतानाची खबरदारी ही वाट पाहण्याच्या खात्यात कधीही मांडू नयेत.

आता विमान सोडून आपल्या दाराशी येऊ. वाचकहो, जून महिना आठवा. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, शाळेचा प्रवेश. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा एक बाप सकाळी नऊला रांगेत लागतो. दुपारी एकला खिडकीशी पोहोचतो, तेव्हा कळते की एक झेरॉक्स कमी आहे. त्याची त्या दिवसाची मजुरी गेली. उद्या परत आला तर दुसऱ्या दिवसाचीही गेली. विमान तासभर जास्त उभे राहिले तर त्याचा खर्च कुणीतरी वहीत लिहितो. या बापाचा दिवस कुठल्याही वहीत लिहिला जात नाही. गरिबाच्या वेळेला किंमत नाही असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे. माझ्या मते आपल्या समाजाची सर्वांत मोठी उधळपट्टी हीच आहे.

यावर उपाय विनाथांबा गाडीचाच. जे आधी करता येते ते आधी करावे. लागणाऱ्या कागदांची यादी महिनाभर आधी शाळेच्या भिंतीवर आणि मोहल्ल्याच्या चौकात, मराठीत व उर्दूत लावावी. वरच्या वर्गातील मुलामुलींनी सुट्टीच्या दिवशी अर्ज तपासून द्यावेत. खिडकीवर फक्त सही आणि शिक्का राहावा. वेळ नेमून चिठ्ठ्या द्याव्यात, म्हणजे बाप दहापर्यंत काम करून येईल. याला इमारतफंड लागत नाही. आपल्या सोसायटीने ही सुरुवात येत्या प्रवेशापासून करावी, अशी माझी व्यासपीठावरच्या मंडळींना नम्र विनंती आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एक गृहपाठ. हातात घड्याळ आणि वही घेऊन सांगलीच्या किंवा सातारच्या स्थानकावर एक तास उभे राहा. एक गाडी निवडा. ती कधी लागली, शेवटचा माणूस कधी उतरला, पहिला कधी चढला, कधी सुटली, हे लिहा. मध्ये कोण कुणाची वाट पाहत होते ते लिहा. यांतले कोणते काम गाडी येण्याआधी झाले असते, यावर खूण करा. कुणाला दोष देऊ नका. वाहकाशी बोला, हमालाशी बोला, कडेला बसलेल्या आजींशी बोला. काम करणाऱ्याला आणि वाट पाहणाऱ्याला जितके ठाऊक असते तितके कुठल्याही साहेबाला नसते. ओनो आपल्या अभियंत्यांना कारखान्याच्या फरशीवर उभे करून असेच पाहायला लावीत.

सुरुवातीला मी म्हणालो होतो की लीन शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात. काटकपणा गणिताने येतो. पण काय काटायचे आणि काय राखायचे, हे ठरवताना ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला आधी विचारावे लागते. आणि विचारायचे तर थोडे वाकावे लागते. तो आपल्या मराठीतला लीनपणा.